विसाव्याचा वाफा

आमच्या कॉलनीत कचऱ्याच्या बादलीवरून माणसाची अब्रू काढणारा एकच माणूस होता. ओला कचरा घेऊन तुम्ही खताच्या खड्ड्याशी गेलात की तो तिथं उकिडवा बसलेला असायचाच. बादली हातातून काढून घ्यायची, काठीनं आत ढवळायचं आणि आजूबाजूच्या चार लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात निकाल द्यायचा. "काल पार्सल आनलंतं व्हय? ह्यात भाजीचं एक देठ न्हाई." नाहीतर, "अर्धी भाकरी टाकली? कोन रुसलंय घरात?" एकदा आमच्या बादलीत लागोपाठ नुसता चहाचा चोथा निघाला. तेव्हा म्हणाले, "बाई, सायब गावाला गेल्यात आन् तुमी उपाशी ऱ्हाताय का काय?" साहेब खरंच गावाला गेले होते आणि मी खरंच स्वयंपाकाचा कंटाळा करून चहा-पाव खात होते. इतका राग आला की घरी येऊन मी दार आपटलं. संध्याकाळी बघते तर त्याच दाराच्या कडीला चाकवताची जुडी अडकवलेली. ती मी रागारागानंच शिजवली आणि सगळी खाल्ली.

तोंडावर सगळे त्यांना आप्पा म्हणायचे आणि पाठीमागे पाटकरी. पाटबंधारे खात्यात जन्मभर त्यांनी तेच काम केलं होतं. कालव्याला पाणी आलं की कुणाच्या रानाला कधी आणि किती वेळ सोडायचं ते बघायचं, दारं उघडायची, दारं पाडायची. मूळचे माण तालुक्यातले, मेंढरं राखणाऱ्या घरातले. बदलीनं आमच्या ह्या कृष्णाकाठच्या तालुक्याच्या गावात आले आणि इथंच रिटायर झाले. बायको वारली होती, एकुलती एक मुलगी शिरवळला दिलेली, जावई तिथल्या कारखान्यात. हे कॉलनीच्या टोकाला दोन खोल्यांत एकटे. भर वैशाखात खांद्यावर घोंगडं. घड्याळ होतं, पण ते मनगटावर नाही, चंचीत, तंबाखूच्या शेजारी. वेळ विचारली की आधी तंबाखू निघायची, मग चुन्याची डबी, मग घड्याळ. तोवर विचारणाऱ्याची एसटी गेलेली असायची.

आता ते गेल्यावर जो तो म्हणतो, काय देवमाणूस होता. मी म्हणणार नाही. आमच्यातल्या निम्म्या बायकांना त्यांनी कधी ना कधी रडवलं होतं. नवीन लग्न होऊन आलेल्या एका मुलीला म्हणाले होते, "तुला झाडं कळत न्हाईत, मानसं काय कळनार?" ती पोर नंतर महिनाभर खालीच उतरली नाही. कुणाच्या वाफ्यात भेंडी जून होताना दिसली की हे सरळ तोडायचे आणि तिसऱ्याच्याच घरी नेऊन द्यायचे. विचारलं तर म्हणायचे, "येळंत तोडली ती तुमची. ऱ्हायली ती गावाची." आमच्या कॉलनीचे चेअरमन फलटणकडच्या एका साखर कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर होते. त्यांनी वांग्यांवर फवारायला औषध आणलं, तर आप्पांनी तो भरलेला पंप त्यांच्यादेखत गटारीत ओतला आणि रिकामा पंप परत त्यांच्या हातात दिला. चेअरमन तेव्हा हसले होते. पण साखर कारखान्यात आयुष्य काढलेला माणूस असलं काही विसरत नाही.

बाग मुळात त्यांच्याचमुळे झाली. महापुराचं पाणी उतरलं तेव्हा कॉलनीच्या मधल्या मोकळ्या जागेत गुडघाभर गाळ साचला होता. गाद्या, मोडकी कपाटं, पाण्याबरोबर कुठून कुठून आलेलं काय काय त्यात रुतलेलं. आम्ही सगळे घरं धुण्यात गुंतलो होतो, त्या जागेकडं बघायचीसुद्धा ताकद नव्हती. आप्पांच्या खोल्याही बुडाल्या होत्या. त्या त्यांनी तशाच चिखलात ठेवल्या आणि फावडं घेऊन ह्या मोकळ्या जागेत उतरले. मी पोस्टातून येताना म्हटलं, आप्पा, आधी घर तरी साफ करा. तर म्हणाले, "घर काय, वाळंल आपलं आपन. ह्यो गाळ वाळला तर दगूड हुतोय. आत्ता वळवाय पायजे." दिवाळीला तिथं मेथी-कोथिंबिरीचा हिरवागार पट्टा होता. मग एकेक घर खाली उतरलं आणि वर्षभरात वीसेक वाफे झाले.

पहिल्या आखितीलाच आप्पांनी कायदा केला. आखिती म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडं त्या दिवशी वेलींच्या बिया टोचतात. कायदा असा की दर आखितीला प्रत्येकानं आपला वाफा सोडायचा आणि पूर्वेच्या पुढच्या वाफ्यात जायचं. शेवटच्यानं वळसा घालून पहिल्यात यायचं. नळाजवळचा वाफा, लिंबाच्या सावलीतला वाफा, पाणी तुंबणारा वाफा, सगळे सगळ्यांच्या वाट्याला फिरून येणार. "वाफा कुनाचा न्हाई," ते म्हणायचे. "पाळी कुनाची ती सांगा." पाण्याची पाळी लावण्यात हाडं झिजवलेला माणूस, त्याला जमीनही पाळीनंच कळत होती.

त्यात एक वाफा मोकळा ठेवायचा. तो विसावा. त्यात वर्षभर काही लावायचं नाही. दिवाळीनंतर आप्पांच्या भावकीतला कळप चाऱ्यासाठी इकडं उतरायचा, तेव्हा खतासाठी मेंढरं त्या वाफ्यात बसवायची, बाकी वर्षभर माती तशीच पडू द्यायची. फिरत फिरत ज्याची पाळी विसाव्याला येईल त्याच्या घरी त्या वर्षी काही पिकायचं नाही. म्हणून बाकीच्या सगळ्या वाफ्यांनी आपल्यातलं थोडं थोडं त्या घराला पोचवायचं. कुणी द्यायला विसरलं तर आप्पा स्वतः जाऊन तोडून आणायचे. आमची पाळी विसाव्याला आली ते वर्ष मला चांगलं आठवतं. इतक्या घरांची भाजी येत होती की आमचे हे म्हणाले, दरवर्षी आपल्यालाच विसावा मिळेल का बघ.

आखितीच्या सकाळी सगळे आपापली खुरपी, बादल्या, बियांच्या पुड्या घेऊन आपल्या वाफ्याशी उभे राहायचे. मग आप्पा घोंगडं सावरत मेंढपाळासारखी आरोळी द्यायचे, "हुर्र्यो! हला! हला रं! कळप उठला!" आणि बँकेतले साहेब, शाळेतल्या बाई, रिटायर झालेले फौजदार, सगळे मुकाट्यानं एक घर पुढं सरकायचे. नवीन वाफ्यात गेल्यावर आधीच्याला नावं ठेवायची रीत होती. काय हो, दगड पिकवत होता का इथं? असं म्हणत म्हणत हशा व्हायचा, गुळाचे खडे वाटले जायचे.

आमच्या शेजारच्या चौगुले काकू जैन. त्या जमिनीखालचं काही खात नाहीत आणि लावतही नाहीत. त्यांची पाळी येणार त्या वाफ्यात आधी कुणी रताळी नाहीतर मुळा लावलेला असला, तर आप्पा आखितीच्या आधी तो वाफा हातानं चाळून काढायचे. एक मूळ मागं राहू द्यायचे नाहीत. काढताना तोंडानं शिव्या चालूच. "धरम तुमचा आन् कंबर माजी!" काकू वरून गॅलरीतून ओरडायच्या, "राहू द्या की ओ आप्पा, मी कुणाकडनं तरी काढून घेते." ह्यावर आप्पा आणखी भडकायचे. पण काकूंच्या घरी गरम भाकरी झाली की पहिली आप्पांच्या खोलीवर जायची.

तर असा हा माणूस, आणि नकाशाची हौस त्याचीच. झालं असं की आमच्या मोकळ्या जागेवर एक सांस्कृतिक हॉल बांधायचं एका पुढाऱ्याच्या मनात होतं. निवडणूक जवळ आली की हॉलची गोष्ट निघायची आणि आप्पांची झोप उडायची. त्यातच नगरपालिकेनं जाहीर केलं की गावातल्या मोकळ्या जागांवर नागरिकांनी केलेल्या बागांचे नकाशे पालिका करून देणार. ज्या बागेचा नकाशा होईल तिची नोंद होणार, तिला नळाचं स्वतंत्र कनेक्शन मिळणार आणि ती जागा दुसऱ्या कामाला देता येणार नाही. आप्पांनी पालिकेत खेटे घालून तिथल्या लोकांना इतकं भंडावलं की आमच्या बागेचा नंबर पहिल्या खेपेतच लागला.

मोजायला एक तरुण मुलगी आली होती, पालिकेची इंजिनीअर. तिला मी दोष देत नाही. गोड बोलणारी, उन्हात दिवसभर उभी राहून काम करणारी मुलगी. हातात टॅब, बरोबर टेप धरणारा एक माणूस. टेपचं दुसरं टोक आप्पांनी धरलं होतं आणि वाटेत येईल त्याला ते हाकलत होते. पहिला वाफा मोजून झाला आणि तिनं विचारलं, "काका, नाव काय टाकू?"

"नाव न्हाई. फिरतं हाय."

मग त्यांनी तिला आखिती, पाळी, विसावा, सगळं समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "छान आहे हो काका. पण नाव टाकल्याशिवाय हे पुढंच जात नाही बघा."

"मग यंदा ज्याचं हाय त्याचं टाका. फुडच्या आखितीला बदलू."

मी मध्ये विचारलं, "बदलता येतं का?" ती म्हणाली, "तुमच्या कॉलनीच्या समितीचा अर्ज आला की येतं ना." आप्पांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी पालिकेची माणसं परत पाठवायला निघाले होते.

शेवटी विसाव्याशी आले. त्या वर्षी विसावा खुद्द आप्पांच्या पाळीला होता. कळप नुकताच बसून गेलेला, सगळीकडं लेंड्या आणि खुरांचे ठसे. मुलीनं विचारलं, "इथं काय आहे?"

"काय न्हाई. विसावा. माजी पाळी हाय यंदा."

"पीक काहीच नाही? म्हणजे मोकळी जागा?"

"व्हय की!" आप्पा मोठ्या अभिमानानं म्हणाले. "मोकळीच ठिवायची असती ती."

तिनं तसं टाकलं. आप्पांनी खाली जाड अक्षरात सही केली. मग तिनं फोटो काढायचा म्हटल्यावर त्यांनी घोंगडं काढून माझ्या हातात दिलं आणि सदरा खाली ओढून ताठ उभे राहिले. संध्याकाळी घरोघर गूळ वाटला. "नकाशावर आलो! आता कुनाच्या बापाला हलवता येत न्हाई."

नकाशा सगळ्यांच्या मोबाइलवर आला. रंगीत, देखणा, प्रत्येक वाफ्यावर नाव. ज्यानं त्यानं बोटांनी मोठा करून आपलं नाव शोधलं. आमच्या ह्यांनी मला स्वयंपाकघरात येऊन दाखवलं, "आपलं नाव आलंय बघ." वाफ्यात कधी एक बादली पाणी घातलं नाही त्या माणसानं. आणि दुसऱ्याच दिवशी म्हणाले, पलीकडं थोडी वाट आहे ती आत घेता येईल. त्यांना मी जे बोलले ते इथं लिहीत नाही. पण कॉलनीत बाकी कुणी कुणाला बोललं नाही. आधी चेअरमननी हिरवी जाळी लावली, मग त्यांच्या शेजाऱ्यानं, मग सगळ्यांनी. प्रत्येक जाळी वाटेवर थोडी पुढं आलेली. बघता बघता दोन बादल्या घेऊन जाता येत होतं तिथं एक बादली तिरकी करून न्यावी लागायला लागली. आप्पा शिव्या घालत होते, पण त्यांना काळजी नव्हती. म्हणायचे, "बांधू द्या, बांधू द्या. आखितीला सोडून फुडच्या घरी जायाचंच हाय."

आखिती आली. आप्पा धुतलेला सदरा घालून, गूळ घेऊन आले. आरोळी दिली, "हुर्र्यो! कळप उठला!"

कुणी उठलं नाही.

त्यांना वाटलं ऐकू गेलं नाही. परत ओरडले. कुणीतरी हसलं. मी माझी बादली उचलली आणि पुढच्या वाफ्याच्या जाळीशी जाऊन उभी राहिले. तिथं एक विट्याकडची बाई, तिचा नवरा सोनं गाळायच्या गलाईच्या धंद्यात तिकडं दक्षिणेत, बिचारी एकटीच दोन मुलं सांभाळते. ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "ताई, मिरच्या आता कुठं धरल्यात हो." मागून आमचे हे म्हणाले, "परत ये. आहे तोही जाईल हातचा." मी उन्हात तशीच उभी राहिले, आणि सगळे मला बघत होते.

आप्पांच्या पाळीनं पुढचा वाफा चेअरमनांचा होता. चेअरमन त्यात प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसले होते. आप्पा जाळीशी गेले. "उठा सायब."

"आप्पा, हा वाफा माझ्या नावावर आहे आता. नकाशावर बघा."

"तुमच्या नावावर? मंग सातबारा बी निघाला आसंल की!" आप्पांना अजून ती थट्टाच वाटत होती.

"नकाशा तुम्हीच आणलात ना?" चेअरमन म्हणाले. "तुम्हीच म्हणत होता, आता कुणाच्या बापाला हलवता येत नाही."

मग आप्पांना कळलं. त्यांनी एकेका वाफ्याकडं बघितलं. मान वर करून बघणारं कुणी नव्हतं, सगळ्यांना एकदम खुरपायचं काम निघालं होतं. चौगुले काकू तेवढ्या आपल्या वाफ्यातून बाहेर येऊन उभ्या होत्या. आप्पा म्हणाले, "त्यो हाल हुऊ ने म्हनून आनला म्या नकाशा. तुमास्नी मालक कराय न्हाई." आणि गूळ तसाच घेऊन गेले.

मी त्याच संध्याकाळी त्यांच्या खोलीवर गेले. म्हटलं, आप्पा, माझा अर्धा वाफा तुम्ही घ्या. तर अंगावरच आले. "भीक घालताय व्हय? पाळी द्या, घेतो." पाळी देणं माझ्या एकटीच्या हातात थोडंच होतं? पण त्यांच्यापुढं कोण बोलणार. त्यांनी मला चहासुद्धा विचारला नाही.

नंतर त्यांनी विसाव्यातच गवार टोचली. विसावा मोडताना त्यांना काय वाटलं असेल, मला माहीत नाही. विश्रांती झालेली माती, रोपं अशी सरसरून वर आली की चेअरमनसुद्धा जाळीतून बघत राहायचे. आणि गवार वीतभर झाली तेव्हा एका सकाळी खडीचा ट्रक आला. नकाशात मोकळी जागा दिसते म्हणून तिथं व्यायामाची यंत्रं बसवायचं मंजूर झालं होतं, बागेच्या लोकांना सोय म्हणून. आप्पा घोंगडं पांघरून गवारीत जाऊन बसले. मुकादम बिचारा हात जोडून म्हणाला, "आजोबा, आमाला जागा दावली तितं आमी काम करनार. तुमी वर बोला की."

मी इंजिनीअर मुलीला फोन लावला. ती धावत आली, नकाशा बघितला आणि तिचा चेहरा पडला. म्हणाली, "माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण अजून वेळ गेलेली नाही. हा वाफाच आहे असा समितीचा ठराव द्या, मी काम थांबवते आणि नकाशा दुरुस्त करते. फक्त एकदा सगळी बाग परत मोजावी लागेल."

परत मोजणी म्हटल्यावर सगळ्यांच्या डोळ्यांपुढं आपापली पुढं सरकलेली जाळी आली.

चेअरमनांच्या दिवाणखान्यात बैठक झाली. आप्पांना आत बोलावलं, पण ते आले नाहीत. बाहेर पायरीवर बसले. खिडकी उघडी होती, त्यांना सगळं ऐकू येत होतं. कुणीच आप्पांच्या विरुद्ध बोललं नाही. सगळे त्यांच्याबद्दल चांगलंच बोलले. त्यांच्यामुळे बाग झाली, असं प्रत्येकजण म्हणाला. पण एकदा झालेला नकाशा परत उघडायचा म्हणजे पालिकेला संशय येणार, त्यातून कुणी हॉलचं परत काढलं तर काय घ्या, आणि शिवाय आप्पांचं आता वय झालं, त्यांनी विश्रांती घ्यायला हवी, आणि व्यायामाची यंत्रं काय वाईट आहेत, ज्येष्ठांना उपयोगच आहे. ठरावावर मी सही केली आणि चौगुले काकूंनी केली. काकूंनी सही करून सगळ्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाल्या, "का ओ, त्या माणसानं चिखल उपसला तवा तुम्ही कुठं होता?" बाकीच्यांनी चहा घेतला. बाहेर आलो तेव्हा पायरीवर आप्पा नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते वाफ्यात उभे होते, फावडं घेऊन. मला वाटलं आता मुकादमाशी मारामारी करतात. पण त्यांनी गवार उपटून बाजूला टाकली आणि वरची माती खरवडून पाट्या भरायला लागले. मुकादमाला म्हणाले, "जरा दम धर गड्या. ह्यावर शिमिट वतून काय करतोस?" आणि पाटी डोक्यावर घेऊन एकेका वाफ्याच्या जाळीवरून ती माती आत ओतायला लागले. विट्याच्या बाईच्या वाफ्यात, फौजदारांच्या वाफ्यात, माझ्या वाफ्यात. चेअरमनांच्याही. आयुष्यात त्यांना एवढा वेळ गप्प मी पहिल्यांदाच बघितलं. आणि लोकांनी काय करावं? लोक फावडी घेऊन आले आणि ती माती आपापल्या वाफ्यात नीट पसरून घेतली. चेअरमननी तर गॅलरीतून सांगितलं, "आप्पा, त्या कोपऱ्यात जरा जास्त टाका." मला त्या माणसाची तेव्हा जी किळस आली ती अजून गेलेली नाही. आप्पांनी कोपऱ्यात टाकली.

त्याच आठवड्यात त्यांची मुलगी येऊन त्यांना शिरवळला घेऊन गेली.

एकदा पुण्याला जाताना मी मुद्दाम शिरवळला उतरले. हायवेपासून जवळच त्यांच्या मुलीचा फ्लॅट, वरच्या मजल्यावर. आप्पा सोफ्यावर टीव्हीपुढं बसले होते, खांद्यावर घोंगडं होतंच. मुलीनं त्यांच्यासाठी गॅलरीत कुंड्या आणून ठेवल्या होत्या. त्या कोऱ्या होत्या, त्यांत मातीसुद्धा भरलेली नव्हती. मुलगी म्हणाली, "बघा ना मावशी, विकतची माती आणली, तर म्हणतात ही माती न्हाई, भुस्सा हाय." मी हसले. आप्पा हसले नाहीत.

मी इकडचं तिकडचं सांगितलं. काकूंनी दिलेलं लोणचं पुढं ठेवलं. तर ते म्हणाले, "बाई, माजंच चुकलं."

"तुमचं कसलं चुकलं? लोकांचं चुकलं."

"लोकांचं न्हाई. उभ्या नोकरीत म्या पाळी तोंडानं दिली. मध्यरातीला बी शेतकरी उठून यायचा, ह्याची झाली, आता तुजी, म्हटलं की दार पाडून जायचा. आन् म्हातारपनी मला नकाशा पायजे झाला."

मी म्हटलं, आप्पा, तो नसता तर हॉल झाला असता. ते म्हणाले, "झाला आसता तर झाला आसता. हालात समदी एका सतरंजीवर तरी बसली आसती." मग विचारलं, "विसावा ठिवतंय का कोन?"

"नाही."

"मंग खत आनाया लागत आसंल दुकानातनं."

"लागतं."

"लागनारच," ते म्हणाले आणि टीव्हीचा आवाज वाढवला. निघताना मी वाकून नमस्कार केला, तर पाय मागं घेतले.

ते गेल्याचं आम्हाला कॉलनीच्या ग्रुपवर कळलं. दिवसभर हात जोडलेली चित्रं येत होती. संध्याकाळी चेअरमननी लांबलचक संदेश लिहिला, त्यात 'ऋषितुल्य' हा शब्द होता. मग ठरलं की बागेला आप्पांचं नाव द्यायचं. पालिकेनंही आनंदानं पाटी करून दिली, दोन लोखंडी खांबांची, मोठी. आता हे खांब रोवायचे कुठं? वीतभर दोन खड्ड्यांचा प्रश्न. फौजदार म्हणाले, माझ्या वाफ्यात नको, सावली पडेल. विट्याची बाई म्हणाली, माझा वाफा आधीच लहान आहे. वाट तर उरलीच नव्हती. कुणीतरी व्यायामाच्या यंत्रांपाशी म्हटलं, तर तिथं आधीच पुढाऱ्याच्या फोटोची पाटी होती. मी माझा वाफा देऊ केला नाही. मला ती पाटीच नको होती, आणि ह्या लोकांची कशी तारांबळ उडते ते मला डोळे भरून बघायचं होतं. शेवटी खांब कापून टाकले आणि पाटी कुंपणाच्या भिंतीला बाहेरच्या बाजूनं, गटारीकडच्या अंगाला ठोकली.

पाटीच्या कार्यक्रमाला आप्पांच्या मुलीला बोलावलं होतं. हार झाला, भाषणं झाली, तिला साडी-चोळी दिली. सगळं झाल्यावर तिनं विचारलं, "बाबांचा वाफा कुठला होता?"

चेअरमन म्हणाले, "अहो ताई, सगळी बागच त्यांची."

"मग थोडी माती घेऊ का? घरी कुंड्या तशाच पडल्यात. त्यांना विकतची चालली नाही."

"घ्या की, घ्या, विचारताय काय?"

फाटकाजवळचा वाफा चेअरमनांचाच. ती जाळीच्या फटीतून हात घालून खाली बसली आणि मूठभर माती उचलली. चेअरमनांच्या बायको लगबगीनं पुढं आल्या. अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "जरा जपून हं ताई, कालच मेथी टाकलीय."

मुलीनं मूठ उघडली. माती परत वाफ्यात सोडली, हात पदराला पुसले आणि उठून मला विचारलं, "मावशी, शिरवळकडं जाणारी गाडी आता किती वाजता आहे?"